स्नोबोर्डची कड: धार कुठं लावायची अन् कुठं मोडायची

जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की आपल्याकडची स्नोबोर्डवाली पोरं काश्मीरातल्या गुलमर्गची नाहीतर उत्तराखंडातल्या औलीची बॅग भरायला लागतात आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो, बोर्डला धार लावून न्यायची का आहे तसाच न्यायचा. माझं म्हणणं सरळ आहे, धार लावायचीच, पण सगळीकडं सारखी लावायची नाही. कडेचा काही भाग नख खरवडेल इतका तीक्ष्ण पाहिजे, काही भाग मुद्दाम बोथट पाहिजे, यालाच धार मोडणं म्हणतात, आणि कुठला किती हे तुम्ही बोर्ड कसा चालवता त्यावर ठरतंय. आणि हे काम सोलापुरात घरीच, दिवसाउजेडी, सावकाश करून जायचं. तिकडं हॉटेलच्या खोलीत बोटं गारठलेली असताना कानस हातात घेतली की घाई होते, आणि घासलेलं लोखंड काही परत येत नाही.

आधी बोर्ड उलटा करून नीट बघा. प्लास्टिकच्या तळाच्या, म्हणजे बेसच्या, कडेनं स्टीलची बारीक पट्टी फिरवलेली दिसेल, वरून बघितली तर साधारण 2 मिमी रुंद. या पट्टीच्या दोन बाजू आपल्या कामाच्या. एक बेसच्या अंगाची, तिला बेस एज म्हणतात, दुसरी बाहेरच्या अंगाची, ती साइड एज. दोन्ही जिथं मिळतात तो कोपरा म्हणजे धार. हा कोपरा काटकोनात असला तरी बर्फ धरतो, पण कंपन्या सहसा तो थोडा फिरवून देतात, आणि सगळा गोंधळ इथंच सुरू होतोय म्हणून हे जरा निवांत सांगतो.

बेस एज बेसच्या पातळीपासून किंचित वर उचलून घासलेली असते, बहुतेक बोर्डांना 1 अंशाच्या आसपास. 2 मिमी रुंद पट्टीवर 1 अंश म्हणजे बाहेरच्या टोकाला फक्त 0.035 मिमी, केसाच्या जाडीच्या निम्म्यानं धरा. एवढ्याशा फरकानं काय होतंय? तर बोर्ड सपाट सरकत असताना कड बर्फाला टेकत नाही, तुम्ही बोर्ड थोडा कलवला की मगच लागते. हा कोन जितका जास्त तितका बोर्ड माफ करणारा, आणि तितकाच पकड घ्यायला उशीर लावणारा. साइड एजचं उलट आहे, तिला आतल्या बाजूला कलवत गेलं की धारेचा कोन लहान होतो आणि ती बर्फात जास्त रुतते. गाइडवर, म्हणजे कानस ठरलेल्या कोनात धरणाऱ्या साच्यावर, 90, 89, 88, 87 असे आकडे लिहिलेले असतात, त्यातलं 89 म्हणजे साइडला 1 अंश, 88 म्हणजे 2 अंश, कुणी एका भाषेत बोलतं कुणी दुसऱ्या, गोष्ट एकच. पण एक लक्षात घ्या, बेसला 1 अंश आणि साइडला 1 अंश असेल तर दोन्ही मिळून कोपरा परत 90 चाच होतो, फक्त थोडा फिरलेला. खरी तीक्ष्णता पाहिजे असेल तर साइडचा कोन बेसपेक्षा जास्त ठेवावा लागतो.

आता कुणाला काय पाहिजे. ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड 1998 ला नागानोत आला तेव्हा जायंट स्लॅलम, म्हणजे झेंड्यांमधून वळत उतरायची रेस, आणि हाफपाइप, म्हणजे बर्फाच्या अर्ध्या नळीसारख्या खोबणीत उड्या मारायचा खेळ, असे दोनच प्रकार होते, आणि दोन्हीत कड धारदारच लागते, कारण रेसचा उतार आणि पाइपची भिंत दोन्ही टणक असतात. लोखंडी रेलवरून घसरत जायचा प्रकार ज्यात आहे तो स्लोपस्टाइल 2014 ला सोचीत आला. म्हणजे कडेची धार मोडायची गरज पडते ती मुख्यतः रेल आणि बॉक्स, म्हणजे रेलसारखाच पण रुंद अडथळा, खेळणाऱ्यांना, बाकीच्यांना फक्त टोकापाशी. हे डोक्यात पक्कं असलं की निम्मं काम झालं.

ज्याला पिस्टवर, म्हणजे मशिननं सपाट केलेल्या तयार उतारावर, लांब लांब कार्व्ह, म्हणजे कडेवर कापत घेतलेली वळणं, मारायचेत त्यानं बेसला 0.5 ते 1 आणि साइडला 2 अंश ठेवावेत, रेसवाले साइडला 3 पर्यंत जातात पण त्यांची धार लवकर बोथट होते आणि त्यांना रोज हात फिरवावा लागतो. सगळीकडं थोडं थोडं फिरणाऱ्याला, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना, बेस 1 आणि साइड 1 किंवा 2, डोळे झाकून. पार्कात, म्हणजे जंप आणि रेल मांडलेल्या जागेत, जंप मारणाऱ्यालाही हेच चालतं, कारण किकरवर, म्हणजे उडी मारायच्या बर्फाच्या चढावर, चढताना आणि उतरल्यावर कड धरली नाही तर घसरून पडायला होतंय. फक्त रेलवर खेळणाऱ्यानं बेस 2 पर्यंत नेला तर हरकत नाही, पण तो बोर्ड मग टणक बर्फावर नीट धरणार नाही हे मान्य करून. पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, कडेला फारसं कामच नसतं, बोर्ड बर्फावर तरंगत असतो, पण म्हणून गुलमर्गला बोथट बोर्ड नेऊ नका. गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यानं अफरवटच्या डोंगरावर गेलात की पहिल्यांदा पायाखाली येतो तो बऱ्याचदा वाऱ्यानं चोपून टणक झालेला बर्फ, पावडर त्याच्या पुढं खाली, आणि तो पट्टा आडवा पार करताना कड नसेल तर अवघड जातंय. औलीला उतार सौम्य आहे, शिकणारे जास्त, पण सकाळी रात्रीचा गोठलेला थर असतो, तिथं पण धार पाहिजेच.

सामानाकडं येऊ. 88 किंवा 89 चं साइड गाइड ऑनलाइन मागवा, यात काटकसर करू नका, कारण हातानं कोन धरता येत नाही, कितीही सराव असू दे. गमी स्टोन पण मागवा, म्हणजे रबरात खरखरीत कण बसवलेला छोटा ठोकळा, त्यानंच धार मोडायची आणि गंज काढायचा. डायमंड स्टोन, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली घासायची पट्टी, एक 200 ग्रिटच्या आसपासचा आणि एक 400 किंवा 600 चा, आकडा मोठा तितका स्टोन बारीक. बाकी सगळं सोलापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतंय. कानस मागताना 8 इंची फ्लॅट स्मूथ म्हणा, बास्टर्ड नको, तिचे दात मोठे, ती फार खाते. जाड काळा मार्कर, कानस साफ करायला तारेचा ब्रश, मास्किंग टेप, दोन सी क्लॅम्प आणि टॉवेलचा एक तुकडा. टॉवेल आपल्याकडचाच, दोन्ही अंगाला फंदे असलेला, तो कशाला ते पुढं सांगतो.

बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे पट्टे, काढून ठेवा. बोर्ड टेबलावर आडवा, बेस वर, खाली जुनी चादर आणि दोन बाजूंनी क्लॅम्प, क्लॅम्पच्या दाताखाली कापडाची घडी. हातात कामाचे मोजे घाला, धार लागलेली कड बोटाला कळायच्या आत कापते. बेसवर कडेलगत मास्किंग टेप मारा म्हणजे कानस चुकून घसरली तर प्लास्टिकला ओरखडा जात नाही आणि लोखंडाचा कीस बेसमध्ये रुतत नाही.

कानस लावायच्या आधी कडेवरून डोळा आणि नख फिरवा. दगडाला लागलेल्या जागा चकाकणाऱ्या किंवा काळपट दिसतील. दगडावर आपटताना घर्षणानं तेवढा ठिपका भयंकर तापतो आणि लगेच बर्फात गार होतो, त्यामुळं तिथलं स्टील बाकीच्या पट्टीपेक्षा कडक होऊन बसतंय. तिथं कानस फिरवली तर ती नुसती किरकिर करत वरून घसरते आणि कानसीचेच दात जातात. अशा जागी आधी डायमंड स्टोन, पाण्यात भिजवून, हलक्या हातानं, तो कडक थर निघेपर्यंत. मगच कानस.

मग सगळ्या साइड एजवर मार्करनं काळी रेघ ओढा. गाइडमध्ये कानस बसवून एक हात मारा आणि थांबून बघा कुठला काळा गेला. वरचाच गेला, खालचा तसाच, तर तुमच्या गाइडचा कोन आणि बोर्डचा कोन जुळत नाही. पूर्ण रुंदीचा काळा सारखा गेला म्हणजे कोन बरोबर. काही बोर्डांत साइडवॉलचं, म्हणजे बोर्डच्या बाजूच्या भिंतीचं, प्लास्टिक कडेच्या बाहेर आलेलं असतं आणि गाइड त्याच्यावरच टेकतं, तसं दिसलं तर ते प्लास्टिक आधी खरवडून मागं घ्यावं लागतं, नाहीतर तुम्ही तासभर प्लास्टिकच घासत बसाल.

कानस कशी चालवायची हे मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका फिटर मामांनी दाखवलं, आयुष्य मशिनचे पार्ट घासण्यात गेलेला माणूस, बर्फ कधी बघितला नाही पण लोखंड त्यांना कळतं. बोर्ड हातात घेतला, कडेवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "बाळा, कानस जाताना कापती, येताना नाही. येताना उचल." बस एवढंच, पण तेच लोक करत नाहीत. पुढं-मागं करवतीसारखी ओढली की दात पण मरतात आणि कड पण लाटा धरते. त्यांनी अजून एक केलं, खिशातला खडू काढून कानसीच्या दातांवर आडवा घासला. खडू असला की लोखंडाचा कीस दातांत अडकत नाही, आणि अडकलेला कणच पुढच्या हाताला कडेवर खोल ओरखडा काढतो. चार-पाच हातांनंतर तारेचा ब्रश, परत खडू. मी तेव्हापासून असंच करतो आणि कडेवर ओरखडे दिसत नाहीत.

हात लांब आणि एकसारखे मारा, नोजपासून टेलकडं, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकाकडं, एक हात दुसऱ्यावर थोडा चढवत. जोर लावू नका, कानसीचं वजन आणि वर दोन बोटं पुरे. कापताना बारीक सुर्र असा आवाज येतो, तो बदलून किरकिर झाली की परत कडक ठिपका आलाय समजा. मार्करचा काळा पूर्ण गेला आणि चमक सलग दिसली की थांबा. नवीन बोर्ड असेल तर कानस लागतच नाही, नुसता डायमंड स्टोन गाइडमध्ये घालून फिरवला तरी चालतंय. लिब टेकसारख्या बोर्डांची मॅग्ने-ट्रॅक्शनवाली कड लाटांची असते, तिथं लांब कानस उंचवटेच खाते आणि खड्ड्यात पोचत नाही, म्हणून छोटा स्टोनच वापरा.

बेस एजला मात्र हात लावायच्या आधी दोनदा विचार करा. साइड कितीही वेळा घासता येते, पट्टी संपेपर्यंत. बेसचा कोन एकदा वाढला की तो कमी करायला सगळा बेस मशिनवर घासून खाली आणावा लागतो, आणि ते मशीन काही सोलापुरात नाही. म्हणून बेस एजवर फक्त बारीक डायमंड स्टोन, 1 अंशाच्या बेस गाइडमध्ये, दोन-तीन हात, बर, म्हणजे घासताना कोपऱ्यावर राहिलेली लोखंडाची साल, काढण्यापुरते. गाइड नसेल तर टेपचा हिशोब करता येतो: इन्सुलेशन टेप साधारण 0.13 मिमी जाड असते, स्टोनच्या बेसवर टेकणाऱ्या भागाला तिचे दोन वेढे दिले आणि ती टेप कडेपासून 15 मिमी आत राहिली तर कोन 1 अंशाच्या जवळ येतो. टेप बेसवर घासून झिजते तेवढी बघत राहा.

घासल्यावर कोपऱ्यावर लोखंडाची बारीक साल लोंबते, तीच बर. ती राहिली तर पहिल्या उतारालाच तुटते आणि धार घेऊन जाते. बर सापडवायला टॉवेल. तुकडा बेसकडून बाहेर अलगद ओढा, जिथं फंदे अडकतात तिथं बर आहे, तिथं 400 किंवा 600 चा स्टोन ओला करून आधी साइडला मग बेसला एक-एक हात, परत टॉवेल. सगळ्या लांबीवर टॉवेल न अडकता गेला की झालं. बोटानं हे नीट कळत नाही, टॉवेल खोटं बोलत नाही. नंतर धार तपासायला नखाची पाठ कडेवर आडवी हलकीच ओढा, पांढरा भुगा निघाला म्हणजे धार आहे. दोन्ही कडांना, पंजाच्या बाजूला आणि टाचेच्या बाजूला, पाच-सहा ठिकाणी बघा.

आता धार मोडायचं काम, आणि माझ्या मते धार लावण्याइतकंच महत्त्वाचं. बोर्ड वळायला सुरुवात करतो तेव्हा नोजची कड पहिल्यांदा बर्फाला भिडते. ती टोकापर्यंत तीक्ष्ण असेल तर तुम्ही तयार व्हायच्या आत बोर्डला वळवायला बघते, आणि नवख्याची उताराकडची कड अशी अचानक रुतली की माणूस सरळ तोंडावर नाहीतर डोक्याच्या मागच्या बाजूवर. हे गंमतीत घेऊ नका, शिकणाऱ्यांना सगळ्यात वाईट मार याच पडण्यात लागतो, हेल्मेट घालाच.

कुठून मोडायची ते ठरवायला बोर्ड सपाट फरशीवर ठेवा, शहाबादी चालेल पण उंचसखल नको. नोजच्या खालून कागद आत सरकवा, जिथं अडतो तिथं मार्करची खूण. टेलला तसंच. हे झाले काँटॅक्ट पॉइंट. हे कॅम्बर, म्हणजे मधे उचललेल्या, बोर्डला लागू पडतंय, रॉकर असेल तर नोज-टेल आधीच उचललेले असतात आणि कागद पार बाइंडिंगखाली जातो, तिथं बोर्डची सगळ्यात रुंद जागा शोधून तीच खूण धरा. रॉकरला धार कमीच मोडावी लागते.

खुणेच्या बाहेर, टोकाकडच्या गोलाईवर, गमी स्टोन कोपऱ्यावर 45 अंशात धरून बिनधास्त फिरवा, तो भाग सरळ चालताना बर्फाला लागतच नाही. खुणेच्या आत मात्र मोजून. कार्व्ह करणारा असेल तर आत काहीच नको, फार तर 1 सेंमी. सगळीकडं फिरणारा 2 ते 3 सेंमी, पहिल्याच सीझनचा असेल तर 5 सेंमी, आणि ते पण टोकाकडं जास्त, आत येताना कमी कमी, एकदम तुटक नको. गमीचे चार-पाच हलके हात, मग नखानं बघा, आतल्या बाजूला भुगा निघतोय आणि टोकाकडं निघत नाही असं हळूहळू बदललं पाहिजे. पावडरवाल्यानं नोजला थोडं जास्त, टेलला कमी. हाफपाइपवाल्यानं कार्व्हवाल्यासारखंच.

रेलवाल्याचं वेगळं. त्यानं दोन्ही बाइंडिंगच्या मधली कड, आणि पायांखालची पण, आधी कानसीनं 45 अंशात अगदी हलकी मोडायची आणि मग गमीनं गोल करायची, कारण रेलच्या लोखंडात बारीक खाच असते आणि तीक्ष्ण कड तिच्यात अडकली की बोर्ड जागीच थांबतो, माणूस पुढं जातो. पण पायांच्या बाहेर, बाइंडिंगपासून काँटॅक्ट पॉइंटपर्यंतचा पट्टा धारदारच ठेवा, तेवढ्यावर जंपला जाता येतं आणि थांबता पण येतं. काही जण सगळा बोर्डच गोल करून टाकतात, मला ते पटत नाही, आपल्याकडं पार्क थोडे आणि टणक उतार भरपूर. बोर्ड दगडावर किंवा गच्चीच्या काँक्रीटवर घासून धार मोडणारे पण बघितलेत, कृपा करून नको, त्यानं धार मुडपते, परत बसवायला अर्धी पट्टी जाते.

काम झालं की ओल्या कापडानं सगळा कीस पुसा, टेप काढा, वॅक्स करा. प्रवासात कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्लीला जाणार असाल तर बोर्ड सोलापुरी चादरीत गुंडाळून बॅगेत घाला, जाड आहे, धार बॅग फाडत नाही. विमान असेल तर कानस आणि स्टोन चेक-इनमध्ये, हातातल्या बॅगेत नको. येताना मात्र बोर्ड ओला बांधला की दोन दिवसांच्या प्रवासात कडेवर तांबूस गंज चढतोच, म्हणून निघायच्या आधी पुसून कोरडा करा आणि घरी आल्या आल्या बॅग उघडा. हलका गंज गमीनं जातो. सीझन संपल्यावर कडेवरून पण वॅक्सचा जाड थर द्या आणि न खरवडता तसाच ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत बोर्ड नको, आपल्याकडचं ऊन 42-43 पर्यंत जातं, पत्र्याखाली त्याहून जास्त, बोर्ड थरांचा आणि चिकटवलेला असतो.

बर्फावर पहिल्या दिवशी गमी स्टोन जॅकेटच्या खिशात ठेवा. पहिला उतार सौम्य निवडा आणि दोन्ही बाजूला चार-चार वळणं घेऊन बघा. वळण सुरू होतानाच बोर्ड हिसका देऊन आत ओढतोय असं वाटलं तर नोजच्या खुणेपाशी गमीचे दोन हात. वळण संपतंय पण टेल सुटत नाही, मागं धरून ठेवतंय, तर टेलला दोन हात. मधेच पायाखाली घसरतंय तर धार लागलेली नाही किंवा बर राहिलीय, संध्याकाळी खोलीवर 400 चा स्टोन. एका वेळी एकच जागा बदला आणि परत एक उतार मारून बघा, दोन्ही टोकं एकदम मोडली तर कशामुळं फरक पडला ते कळत नाही.